डिअर कॅम्पमध्ये नवीन माणूस येतोय, त्याला सामावून कसं घ्यायचं?

प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या उत्तर भागात सहा जणांचा डिअर कॅम्प आहे, म्हणजे हरणांच्या शिकारीसाठी दरवर्षी रानातल्या एका घरात जमणारी मंडळी, पंचवीस वर्षांपासून चालत आलेला. प्रश्न विचारणारे गृहस्थ त्यातले एकमेव मराठी, गेली ११ वर्षं. मॅडिसनला नोकरी करणारा त्यांचा भाचा यंदा यायचं म्हणतोय. तो एच-१बी व्हिसावर आहे आणि त्याने आयुष्यात बंदूक धरलेली नाही. दोन जुन्या मंडळींची कुरकुर आहे. त्याला कुठे बसवायचं, काय काय सांगायचं, आणि तो बीफ खात नाही त्याचं काय करायचं?

मी विस्कॉन्सिनमध्ये २६ वर्षं शिकारीला जातोय आणि त्यातली १४ वर्षं हंटर एज्युकेशनच्या, म्हणजे सुरक्षित शिकार शिकवणाऱ्या वर्गांत स्वयंसेवक म्हणून शिकवतोय. सुरुवात कुरकुरीपासूनच करतो, कारण ती मिटली नाही तर पुढचं काहीच नीट होणार नाही.

त्या दोघांचा तुमच्या भाच्यावर राग असेल असं मला वाटत नाही. बंदुकीचा सीझन वर्षातून नऊ दिवस. थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारचा सण) आधीच्या शनिवारी सुरू होतो, नंतरच्या रविवारी संपतो. माणसं वर्षभर रजा साठवतात ती या नऊ दिवसांसाठी. त्या नऊ दिवसांत ज्याचा हात बंदुकीवर कसा चालतो हे कुणालाच ठाऊक नाही, असा माणूस आपल्यापासून दोनशे यार्डांवर झाडीत बसणार, ही धास्ती खरी आहे. तिला हटवादीपणा म्हणू नका. भाच्याला होकार कळवण्याआधी त्या दोघांना विचारा, आणि तेही फोनवर मेसेज टाकून नको. उन्हाळ्यात लाकडं फोडायला, छपराची डागडुजी करायला सगळे जमता, तेव्हा समोरासमोर बसून विचारा. म्हणा, "तो माझ्याबरोबर येईल, माझ्याच मचाणावर बसेल, त्याची जबाबदारी माझी." एवढं वाक्य तुमच्या तोंडून ऐकायचं असतं त्यांना. आणि त्यावरही एखाद्याने नाही म्हटलं, तर एक वर्ष थांबा. सर्वांत वडीलधाऱ्या माणसाच्या मनाविरुद्ध आणलेला पाहुणा त्या कॅम्पात कधीच घरचा होत नाही.

आता माझं सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यातच आहे. मी पहिल्यांदा ज्या कॅम्पात गेलो, तिथे मला एका सहकाऱ्याने नेलं होतं. माणसं अतिशय सभ्य. मला सगळ्यात उबदार पलंग दिला, भांडी घासू दिली नाहीत, लाकूड उचलू दिलं नाही. शनिवारी पहाटे अंधारात एका मचाणाखाली सोडलं आणि "गुड लक" म्हणून गेले. नऊच्या सुमाराला माझी पावलं बधिर झाली. उतरलो, थोडं चालून आलो, पाय मोकळे केले. त्या कॅम्पात अकरापर्यंत कुणी जागचं हलत नाही हा दंडक होता. सकाळी पाणथळीतून हरणं ज्या वाटेने वर येतात, नेमका त्याच वाटेवर मी फिरत होतो. पलीकडच्या मचाणावर ७४ वर्षांचे एक आजोबा बसले होते आणि त्यांच्याकडे येणारा कळप माझ्या वासाने उधळला. संध्याकाळी मला कुणी अवाक्षरही बोललं नाही. जेवायला वाढलं, पत्त्यांत घेतलं, रविवारी हसून निरोप दिला. पुढच्या वर्षी बोलावणं आलं नाही. काय झालं होतं ते मला तीन वर्षांनी कळलं, तेही तिसऱ्याच माणसाकडून.

नियम मोडल्याचं दुःख होतंच, पण तो नियम मला कुणी सांगितलाच नव्हता, हे जास्त लागलं. जुन्या कॅम्पाचे नियम कुठे लिहिलेले नसतात. ज्यांनी ते बनवले त्यांना ते नियम आहेत हेही आठवत नाही. हवा असावी तसे ते असतात. म्हणून माझं म्हणणं एवढंच: नवीन माणसाचं स्वागत करायचं म्हणजे त्याला नियम तोंडाने सांगायचे आणि हाताला काम द्यायचं. उबदार पलंग नंतर.

ऑक्टोबरमध्ये एक संध्याकाळ काढा आणि तुमच्या कॅम्पात "सगळ्यांना माहीतच असतं" अशा गोष्टींची यादी करा. जुन्यांनाही बसवा, त्यांना मजा येते. मचाणावरून किती वाजता उतरायचं. कुणी आधी उतरलं तर कुठल्या वाटेने यायचं. दुपारी भेटायची जागा कुठली. हाका करायचा, म्हणजे रानातून चालत हरणं पुढे हाकायची, तर कोण चालणार, कोण अडवून बसणार, आणि चालणारा समोर दिसत असताना त्या दिशेने गोळी झाडायची नाही म्हणजे नाही. (इथे त्याला डिअर ड्राइव्ह म्हणतात, पण कोकणात आमचे आजोबा ज्याला हाका म्हणायचे तेच ते, फक्त डबे-ढोल न वाजवता.) दारू कधी? आमच्याकडे सगळ्या बंदुका रिकाम्या होऊन पेटीत गेल्याशिवाय बाटली उघडत नाही. कोणाची खुर्ची कोणती, हेसुद्धा सांगा. हसू नका, वारलेल्या मित्राची खुर्ची दहा वर्षं रिकामी ठेवलेले कॅम्प मी पाहिलेत, आणि नेमका नवखा तिथे जाऊन बसतो.

कागदपत्रांचं आधी बघा, कारण तुमच्या भाच्याच्या बाबतीत इथे चूक झाली तर ती हरणापेक्षा फार महाग पडेल. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार एच-१बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला बंदी आहे. याला अपवाद आहेत, आणि त्यातला आपल्या कामाचा म्हणजे राज्याने दिलेला, मुदतीतला शिकारीचा परवाना. ग्रीन कार्डवाल्याला हा प्रश्न येत नाही. म्हणून क्रम असा ठेवा: आधी परवाना, मग बंदुकीला हात. नेमबाजीच्या रेंजवर "जरा धरून बघ" हेसुद्धा परवान्यानंतर. शंका असेल तर इमिग्रेशनच्या वकिलाला एक फोन करा, आमच्यासारख्यांच्या सांगण्यावर विसंबू नका.

विस्कॉन्सिनमध्ये १ जानेवारी १९७३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्याला परवान्यासाठी हंटर एज्युकेशनचं प्रमाणपत्र लागतं. ते नसेल तर मेंटॉर्ड हंटची सोय आहे: नवख्याने परवाना घ्यायचा आणि अनुभवी माणसाने सतत त्याच्या हाताच्या अंतरावर राहायचं. हाताचं अंतर म्हणजे हात लांब केला की त्याला लागला पाहिजे. पहिल्या वर्षी प्रमाणपत्र असलं तरी असंच बसा, असं मी आग्रहाने सांगेन. कायद्याने लागत नाही, पण जुन्यांची धास्ती यानेच जाते. आणि कोर्सही त्याला करू द्याच. आमच्या वर्गात चार नियम पाठ करून घेतात: प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजा, नळी कायम सुरक्षित दिशेला, नेम कशावर आहे आणि त्याच्या पलीकडे काय आहे याची खात्री, गोळी झाडायच्या क्षणापर्यंत बोट ट्रिगरगार्डच्या (घोड्याभोवतीच्या कडीच्या) बाहेर. भाचा कॅम्पात पाऊल टाकेल तेव्हा सगळे बोलतील त्याच्याशी गप्पांचं, पण बघत असतील त्याचं बोट आणि नळीचं टोक. जेवणाच्या टेबलाशी येण्यापूर्वी न सांगता बोल्ट उघडून बंदूक रिकामी दाखवणारा पोरगा पहिल्या तासात निम्मी माणसं जिंकतो.

बंदूक तुमचीच द्या, पण जोरात धक्का देणारी नको. टू-फॉर्टी-थ्रीसारखी हलकी रायफल पुरते. बाकावर टेकवून शंभर यार्डांवर नेम लावून घ्या आणि मग बाक विसरा. गुडघ्यावर, झाडाला टेकून, जाड हातमोजे घालून सराव करा. पहिल्या वर्षाची मर्यादा ७५ यार्ड ठरवा आणि ती त्याच्या तोंडून वदवून घ्या.

मचाणाबद्दल. झाडावरचं मचाण असेल तर पूर्ण अंगाचा हार्नेस जमिनीवरच घालायचा आणि उतरून पाय टेकेपर्यंत काढायचा नाही. चढताना दोन पाय-एक हात किंवा दोन हात-एक पाय कायम शिडीवर. बंदूक पाठीला लावून चढायचं नाही. रिकामी बंदूक खाली दोराला बांधायची, वर बसून ओढून घ्यायची. जागा कोणती द्यायची, तर सर्वांत चांगली देऊ नका. तुम्हाला वाटेल ही कंजूषी आहे. पण वीस वर्षं ज्या मचाणावर एकच माणूस बसतो त्यावर पाहुण्याला बसवलं की त्या माणसाला "बसू दे की" म्हणावं लागतं, आणि ते म्हणणं त्याला नऊ दिवस पुरतं. जमिनीवर दोन खुर्च्या मावतील असा आडोसा उभारा, हरणं दिसतील अशा ठिकाणी. शिंगवाला नर नसला तरी चालेल. मादी आणि पाडसं शेजारून चरत गेलेली बघायला मिळाली की नवख्याचे सहा तास कुठे गेले कळत नाही. वर डोक्याला आणि अंगाला केशरी: कंबरेवरच्या बाहेरच्या कपड्यांचा किमान निम्मा भाग झळाळता केशरी किंवा २०१६ पासून चालणारा झळाळता गुलाबी हवा, टोपी घातली तर तिचाही निम्मा. आणि हे कुणी सांगत नाही: कॅम्पाच्या मागच्या संडासाला जातानाही केशरी जॅकेट घालायचं.

शेजाऱ्यांशी ओळख सीझनच्या आधी करून द्या. हे मी जपून लिहितो. २००४ च्या नोव्हेंबरमध्ये सॉयर काउंटीत खासगी जमिनीवरच्या एका मचाणावरून वाद झाला आणि सहा शिकारी मारले गेले. गोळ्या झाडणारा ह्मोंग होता, आग्नेय आशियातून आलेल्या एका समाजातला. त्याच्या गुन्ह्याची झळ पुढे कित्येक निरपराध ह्मोंग शिकाऱ्यांना लागली, आणि २००७ च्या जानेवारीत एका ह्मोंग शिकाऱ्याला एका गोऱ्या शिकाऱ्याने जंगलात मारलं. आपले चेहरेही त्या रानात वेगळे दिसतात, हे तुम्हाला ११ वर्षांत मी सांगायला नको. विस्कॉन्सिनमध्ये खासगी जमिनीवर पाटी नसली तरी परवानगीशिवाय पाऊल टाकता येत नाही, जखमी हरीण पलीकडे गेलं तरी नाही. म्हणून ऑक्टोबरमध्ये त्याला चारही हद्दी पायी चालवा, कुंपणं, ओढा, मोठी झाडं दाखवा, आणि दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांच्या दारात घेऊन जा. "हा माझा भाचा, यंदा माझ्याबरोबर असेल." पाच मिनिटांचं काम.

शुक्रवारी संध्याकाळी तो पोचेल तेव्हा त्याच्यासाठी तीन गोष्टी तयार ठेवा: जॅकेट टांगायला स्वतःची खुंटी, झोपायची ठरलेली जागा, आणि एक काम जे नऊ दिवस त्याचंच असेल. आमच्याकडे नवीन आलेल्याकडे चूल असते. पहाटे चारला उठायचं, राख बाजूला सारायची, निखाऱ्यांवर बर्चची साल टाकायची, फुंकर मारून ओकची दोन फोडलेली लाकडं रचायची आणि कॉफीचं भांडं वर ठेवायचं. मागच्या वर्षी आलेला मुलगा पहिल्या दिवशी धुराने डोळे पुसत होता. तिसऱ्या दिवशी आमच्यातले सर्वांत वृद्ध गृहस्थ पलंगावरूनच म्हणाले, "आज मॅपल टाकलंस ना, वास येतोय." तेवढ्यावर तो मुलगा कॅम्पातला झाला, त्याने अजून एक हरीणही पाहिलं नव्हतं.

पहिल्या रात्रीचा बेत बदलू नका. शुक्रवारचं जेवण ठरलेलं असतं, तीच चिली (बहुधा बीफ घातलेलं तिखट, दाट कालवण), तेच कॉर्नब्रेड, आणि त्याला हात लावायचा नसतो. पण भाचा बीफ खात नाही हे आधी सांगून ठेवा. बऱ्याच कॅम्पांत चिलीत गेल्या वर्षीचं हरणाचं मटणच असतं, नसेल तर ते वापरायला कुणाची हरकत नसते. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर हरणाचं मटण ही आजोबांच्या पिढीची गोष्ट झाली, त्यामुळे त्याला ते आवडेल का नाही हे तोंडात घातल्यावरच कळेल. नाही खाल्लं तरी आग्रह नको. मग रविवारी किंवा सोमवारी एक रात्र त्याला स्वयंपाक करू द्या. एक सूचना: हरणाची चरबी सगळी कापून काढायची, ती मेणासारखी टाळूला चिकटते. भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण, कुकर, आणि तिखट निम्म्यावर. आमच्याकडे दरवर्षी मंगळवारी हा रस्सा लागतो आता, मी विसरलो तर आठवण करून देतात.

गोळी झाडायची वेळ आली तर. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर २० मिनिटांपर्यंत कायद्याने मुभा आहे, पण नवख्यासाठी दोन्हीकडची पंधरा मिनिटं सोडून द्या. हरीण समोर आलं की त्याचे हात थरथरतील. इथे त्याला बक फीव्हर म्हणतात आणि तो सगळ्यांना होतो. त्याच्या कानाशी हळू बोला: आडवं वळू दे, पुढच्या पायामागे, श्वास सोड. नको वाटलं तर नको झाडूस. हे शेवटचं वाक्य खरंच म्हणा. मी शिकवलेल्यांतल्या एका बाईंनी तीन वर्षं बंदूक उचलून खाली ठेवली, चौथ्या वर्षी झाडली. आमच्यातल्या कुणीही त्यांना मधल्या वर्षांत एक शब्द बोललं नाही.

गोळी लागली तर अर्धा तास जागेवरून हलायचं नाही. मग माग काढणं त्याला करू द्या, तुम्ही मागे राहा. ओकच्या वाळक्या पानावर रक्ताचा मोहरीएवढा थेंब, पुढच्या पानावर गुलाबी फेस. फेस म्हणजे फुप्फुस, हरीण जवळच आहे. गडद रक्त आणि हिरवट घाण दिसली तर गोळी पोटात लागली, मग निदान काही तास थांबायचं. प्रत्येक थेंबापाशी टॉयलेट पेपरचा तुकडा ठेवत जा. मागे वळून पाहिलं की दिशा समजते. त्याच्याकडून गोळी वाया गेली तर काही कॅम्पांत शर्टाचं टोक कापतात, पहिली शिकार झाली तर गालाला रक्त लावतात. आधी त्याला विचारा. त्याने नाही म्हटलं तर विषय तिथेच संपला पाहिजे, आणि तो संपवण्याचं काम तुमचं.

पोट काढताना चाकू तुम्ही धरा पहिल्या वेळी, पण मागचा पाय त्याला धरायला सांगा. त्याला मळमळलं तर बाजूला उभं राहू द्या, मग परत बोलवा. हरीण मिळाल्याची नोंद दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत ऑनलाइन किंवा फोनवर करायची असते. ती त्याच्या हाताने करवून घ्या. विस्कॉन्सिनमध्ये २००२ पासून हरणांतला सीडब्ल्यूडी हा प्रायॉनचा (बिघडलेल्या प्रथिनांमुळे मेंदूला होणारा) आजार सापडतोय. माणसाला झाल्याचं आजवर आढळलेलं नाही, तरी बाधित हरणाचं मटण खाऊ नये असाच सल्ला आहे. राज्याकडून तपासणी मोफत होते. निकाल येईपर्यंत त्या हरणाच्या पुड्यांवर नाव-नंबर लिहा आणि इतरांच्या मटणात मिसळू नका.

आणखी एक. इथे बंदुकीच्या सीझनमध्ये नजरेच्या किंवा हाकेच्या टप्प्यात असलेल्या साथीदाराच्या टॅगवर (परवान्याबरोबर मिळणारी एका हरणाची मुभा) दुसऱ्याने हरीण मारलेलं चालतं. पण नवख्याचा टॅग त्याला न विचारता कुणी वापरू नये. "तुझ्यासाठी मारला एक" म्हणून हातात आयता नर आला की त्याचं पहिलं वर्ष संपलं.

वाटे मात्र सारखे घाला. आमच्या आजोबांच्या पारधीत बंदूकवाल्याचा वाटा वेगळा, हाकाऱ्यांचा वेगळा आणि कुत्र्यांचाही असायचा. कुणी रिकाम्या हाताने घरी जात नसे. भाच्याने गोळी झाडली नसली तरी चूल त्याने पेटवली, लाकडं त्याने आणली. पाठीचा मऊ पट्टा, ज्याला इथे बॅकस्ट्रॅप म्हणतात, त्यातला तुकडा त्याच्या पुडीत आठवणीने टाका. आणि खर्चातही त्याला घ्या: गॅस, किराणा, जमिनीच्या करातला वाटा. पाहुणा म्हणून माफ करू नका. पहिल्या वर्षी निम्मा घेतला तरी चालेल.

शेवटच्या रविवारी कॅम्प बंद करताना पाण्याचे नळ रिकामे करायला त्याला बरोबर घ्या, किल्ली कुठे लपवतात ते दाखवा. उन्हाळ्यातल्या लाकडं फोडायच्या दिवसाची तारीख तो गाडीत बसायच्या आधी सांगा. आणि बाकीच्यांना तो पुन्हा नको असेल, तर तेही मामा म्हणून तुम्हीच सांगा, कारणासकट, ख्रिसमसच्या आत.